पदव्युत्तर विद्यार्थ्याचा व्यवसाय : ऊर्जानगर परिसराच्या संदर्भात

‘व्यावसायिक विकास’ हा शब्दप्रयोग विद्यापीठीय मराठीत आता बराच रुळला आहे. व्यवसाय या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ निश्चय, नेटाने केलेला उद्योग असा आहे. मराठीत तो पोटापाण्याचा धंदा या अर्थी स्थिरावला. परिपत्रकांतून मात्र तो तिसऱ्याच अर्थाने वावरताना दिसतो. कार्यशाळेची हजेरी, चर्चासत्रातील निबंधवाचन, त्यांची प्रमाणपत्रे आणि या सर्वांची एका धारिकेतील बांधणी, एवढाच तो अर्थ आहे. आधीच्या दोन अर्थांशी या तिसऱ्या अर्थाचे काही नाते उरले आहे काय, याचा विचार करण्यास चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे विशेष उपयुक्त आहेत. येथे विद्यापीठ नवे आहे. परंतु ज्ञान मिळवण्याच्या व ते कामी लावण्याच्या काही रीती विद्यापीठाच्या आधीपासून येथे नांदत आहेत.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोली येथे स्थापन झाले. तोपर्यंत या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. सिरोंच्याच्या विद्यार्थ्यास गडचिरोलीदेखील सुमारे दोनशे किलोमीटर पडते, मग नागपूरची गोष्टच नको. नव्या विद्यापीठाने हे अंतर कमी केले, हे निर्विवाद आहे. तथापि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण विद्यापीठाच्या आवारात शिकत नाहीत. ते चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वरोरा अशा गावांतील संलग्न महाविद्यालयांत असतात. अशा विद्यार्थ्यापुढे ‘आवारातील संधी’ हा विषय मांडताना त्याला आवारच नाही, याचा विसर पडून चालणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यार्थी विकासासाठी व नवोपक्रमांसाठी स्वतंत्र मंडळे घालून दिली. यंत्रणा आहे, तिच्यातून काय शिकले जाते, हा प्रश्न वेगळा आहे.

त्या प्रश्नाची एक बाजू ऊर्जानगरात पाहावयास मिळते. चंद्रपूरलगत दुर्गापूरच्या बाजूस वसलेली ही वसाहत महाऔष्णिक विद्युत केंद्राची. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि जुने दोन संच बंद केल्यानंतर त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट इतकी राहिली. येथून निघणारी उच्चदाब एकदिश वाहिनी ७५२ किलोमीटर अंतरावरील पडघ्यास वीज पोचवते. वसाहतीतील पदवीधर मुलेही पुष्कळदा त्याच दिशेने जातात. असो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. कारखान्याच्या जगात १९६१च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराची पद्धत रूढ केली. शिकाऊ उमेदवार चालू यंत्राशेजारी, जाणत्या कारागिराच्या नजरेखाली, चुकत चुकत हात बसवतो. विद्यापीठाने कार्यशाळा हा शब्द याच जगातून उचलला, परंतु हत्यारे तेवढी तेथेच ठेवली. विद्यापीठीय कार्यशाळेत उद्घाटन होते, बीजभाषण होते, भोजनोत्तर सत्र होते. कोणाचा हात कशावर बसतो, असे सहसा घडत नाही.

हत्यार चालवण्यास जागा नाही, अशी तक्रार मात्र या परिसरात कोणासही करता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे होते. इरई धरणाचे पाणी, कोळशाची राख, खाणींचे मातीचे ढिगारे आणि त्यांवर माजलेली झुडपे यांचा परस्परसंबंध उघड्यावर पडलेला आहे. त्याच झुडपांत वाघ व बिबटे आश्रयास येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. ही घटना प्राणिशास्त्राची आहे काय? ती तितकीच समाजशास्त्राची आहे, कारण रात्रपाळी करून पायी वा दुचाकीवर घरी परतणारा कोण असतो हे त्यावाचून कळत नाही. ती भूगोलाची आहे. आणि भीती, अफवा, वर्तमानपत्री भाषा यांचा विचार करावयाचा तर मराठीचीही आहे. चार विभागांच्या चार विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत हा एकच परिसर मिळून अभ्यासावा, यासाठी वेगळ्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती एका विभागाने दुसऱ्याचे काम आपल्या विद्यार्थ्याच्या खाती मांडून घेण्याची. आजच्या मोजणीत तसे खातेच नाही.

ही मोजणी कशी घडली हेही पाहण्यासारखे आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामगिरीस गुण देण्याची पद्धत आणली. २०१६च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निदान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे व दोन निबंध परिषदांतून वाचणे बंधनकारक केले. हेतू वाईट नव्हता. संशोधकाने आपले काम चारचौघांसमोर मांडावे, ही अपेक्षा रास्तच होती. परंतु सक्ती आली तेव्हा निबंध घेणारी नियतकालिके व निबंध वाचू देणाऱ्या परिषदा मागणीप्रमाणे निघाल्या. २०२२च्या विनियमांनी ही सक्ती काढून टाकली. सक्ती गेली, सवय राहिली. नियम रद्द झाला तरी मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघेही जुन्याच धारिकेची पाने मोजत बसतात.

राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा या संदर्भात सहानुभूतीने तपासली पाहिजे. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी तिच्यामुळे आपले काम घेऊन प्रथमच दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात जातो, हे तिचे श्रेय मोठे आहे. पण भित्तिपत्र आणि थोड्या मिनिटांचे निवेदन हा तिचा घाट आहे, आणि घाट आशयावर आपली सत्ता चालवतोच. ज्या प्रश्नाचे उत्तर एका पत्रकावर मावते, तोच प्रश्न विद्यार्थी निवडू लागतो. निष्कर्ष ठळक अक्षरांत लिहावा लागतो म्हणून शंका बारीक अक्षरांत जाते, आणि पुढे तीही गळते.

याच्या उलट घाटाचे उदाहरण गडचिरोलीतच सापडते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेचा जो प्रयोग केला, त्यात ३९ गावे प्रयोगाखाली व ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९३ साली सुरू झालेल्या या कामाचा निबंध ‘लॅन्सेट’ नियतकालिकात १९९९ साली आला. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्याने दाखवले आणि २०११ साली ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. शास्त्रीय यशापेक्षाही येथे महत्त्वाचे आहे ते प्रशिक्षण. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, लक्षणे नोंदणे ही कामे गावातल्याच, बेताच्या शालेय शिक्षणाच्या स्त्रियांनी केली. त्यांच्या नोंदी पुन्हा पुन्हा पडताळल्या जात. नोंद चुकली तर तिचा परिणाम त्याच गावातल्या, ओळखीच्या घरातल्या बाळावर होणार, हे नोंदणाऱ्या स्त्रीस ठाऊक होते. काटेकोरपणा हा गुण व्याख्यानाने अंगी येत नाही. चुकीची किंमत कोण भरतो हे समोर दिसले म्हणजे तो येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत चूक झाली तर आज कोणाचे काय बिघडते?

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे. शंभराच्या आसपास घरांच्या या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यामागील अभ्यासगटाची रचना तितकी सर्वश्रुत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून मेंढ्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या : निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने, अभ्यास अभ्यासगटाचा, आणि अभ्यासगटास निर्णयाचा अधिकार नाही. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसू शकतो, शंका काढू शकतो, कायदा वाचून दाखवू शकतो. वनहक्काचा कायदा असो की मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत असो, विषय गावाच्या गरजेतून येतो व चर्चा पुरी होईतो पुरते.

या रचनेत विद्वानास मिळालेले स्थान विचार करण्याजोगे आहे. तो उपदेशक नाही, उपकारकर्ता नाही आणि माहिती गोळा करून निघून जाणाराही नाही. त्याच्या मतास मान आहे, पण मतदान नाही. विद्यापीठातील चर्चासत्रात याच्या नेमके उलट घडते : निर्णय कोणताच व्हावयाचा नसतो आणि अधिकार मात्र व्यासपीठावरील खुर्च्यांच्या क्रमाने ठरलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यास ऐकणे, न कळल्याचे कबूल करणे, आपले म्हणणे सोप्या भाषेत पुन्हा मांडणे, ही विद्येच्या व्यवसायाची प्राथमिक कौशल्ये कोठे शिकता येतील, असे कोणी विचारल्यास अभ्यासगटाकडे बोट दाखवावे लागेल.

भाषेचा मुद्दा येथूनच निघतो. मिलिंद बोकील यांनी मेंढ्यावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाववर ‘कहाणी पाचगावची’ ही पुस्तके लिहिली. बोकील हे समाजशास्त्राचे अभ्यासक आणि कथाकारही आहेत. ‘गोष्ट’ आणि ‘कहाणी’ हे शब्द त्यांनी निष्काळजीपणे योजलेले नाहीत. बालमृत्यूंवरील अहवालास ‘कोवळी पानगळ’ हे नाव देण्यामागेही हीच दृष्टी दिसते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना वाचता यावे, अशी मराठी शास्त्रीय लेखनात शक्य आहे, याचे हे पुरावे होत. प्रबंधांची मराठी मात्र बहुधा इंग्रजीच्या सावलीत वाढलेली असते. तिच्यात कर्ता सापडत नाही आणि क्रियापदापर्यंत पोचेतो वाचक थकतो.

मराठी हीसुद्धा येथे सर्वांची मातृभाषा नाही. माडिया किंवा गोंडी घरात बोलणारा विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येतो तेव्हा त्याच्याजवळ एक असे साधन असते की जे त्याच्या मार्गदर्शकाजवळ नसते. त्याच्या गावात मुलाखती घ्यावयास आलेल्या संशोधकाच्या प्रबंधात तो माहितीदाता किंवा दुभाषा म्हणून ऋणनिर्देशाच्या पानावर येतो. त्याचे भाषाज्ञान हीच व्यावसायिक पात्रता आहे, असे मानून त्याला लिप्यंतर, ध्वनिमुद्रण, शब्दसंग्रह व अनुवाद यांचे रीतसर शिक्षण दिले, तर तोच संशोधक होऊ शकतो. झाडीबोलीच्या विद्यार्थ्याचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. वडसा (देसाईगंज) हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर दरवर्षी भरतो. कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या रंगभूमीची हस्तलिखिते, जाहिराती व हिशेबाच्या वह्या यांचे जतन हे नाट्यशास्त्राचे, वाणिज्याचे आणि ग्रंथालयशास्त्राचे एकत्र काम आहे, आणि ते लवकर हाती घेण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो व तो गंभीर आहे. वनजिल्ह्याच्या विद्यार्थ्याने वनाचाच अभ्यास करावा, आदिवासीने आदिवासींवरच लिहावे, असा दंडक झाला तर ती नवी कोंडी होईल. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास कोणी त्याच्या गल्लीपुरते राहण्यास सांगत नाही. भामरागडच्या विद्यार्थ्यास बीजगणित किंवा ग्रीक शोकांतिका यांवर तितकाच अधिकार आहे, आणि तो नाकारून स्थानिकतेचा गौरव करणे म्हणजे जुनेच दार नव्या रंगाने बंद करणे होय. परंतु येथे प्रश्न विषयाचा नसून उमेदवारीच्या रीतीचा आहे. दीर्घ मुक्काम, पडताळलेली नोंद, ऐकणाऱ्याचा उलट प्रश्न, या गोष्टी गणितासही लागतात. त्या कोठे शिकाव्यात याची निवड विद्यार्थ्याची असावी. शिकाव्यात की नाही, ही मात्र नसावी.

पोटाचा प्रश्न टाळून व्यवसायाची चर्चा पुरी होत नाही. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट आणि त्यानंतर तासिका तत्त्वावरील अध्यापन, हा मार्ग या पिढीस परिचित आहे. तासागणिक मानधन आणि सुट्टीत शून्य, हे त्याचे गणितही परिचित आहे. कायम नेमणुकांस धारिकेची जाडी हा पर्याय नव्हे. दुसरीकडे गडचिरोली जिल्ह्यात एक हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत. बांबू व तेंदूपत्ता यांचे लिलाव, करार, हिशेब, लेखापरीक्षण, वनव्यवस्थापनाचे आराखडे ही सारी कामे ग्रामसभांच्या अंगावर आली आहेत. पाचगावने तर पाने तोडण्याने झाडांची हानी होते म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्नच सोडले. अशा निर्णयाची अर्थशास्त्रीय मांडणी करणे हे कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्याची कसोटी पाहणारे काम आहे. मात्र यास सेवाभावाचे नाव देऊन फुकट करवून घेऊ नये. ‘कमवा व शिका’ ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांपासून महाराष्ट्रास ठाऊक आहे. तिची व्याप्ती आवारातील बाग व ग्रंथालय यांपलीकडे, ग्रामसभेच्या दप्तरापर्यंत का जाऊ नये?

त्यासाठी नवा नियमही लागणार नाही. २०२२च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यास अध्यापन व लेखनाचे शिक्षण घेणे आवश्यक केले आणि आठवड्यास चार ते सहा तास अध्यापन वा संशोधन साहाय्याचे काम देण्याची मुभा ठेवली. हे तास बहुधा उत्तरपत्रिका व प्रात्यक्षिकांत जातात. त्यांतील काही ग्रामसभेच्या अभ्यासगटास, विद्युत केंद्राच्या परिसरातील नोंदींस किंवा माडिया शब्दसंग्रहास दिले, आणि वर्षअखेरीस विभागाने प्रमाणपत्राऐवजी नोंदवही तपासली, तर मोजणीचा अर्थ बदलेल. प्रबंधाची विद्युत प्रत ‘शोधगंगा’ या भांडारात जाते, हे योग्यच आहे. ज्या गावात बसून टाचणे घेतली त्या गावासही एक प्रत द्यावी, असे विनियमांत म्हटलेले नाही. ग्रामसभेच्या कपाटात ठेवण्यासाठी चाळीस पानांचा मराठी सारांश मागण्याचा अधिकार विभागीय संशोधन समितीस आजही आहे. पुढील नोंदणीच्या वेळी तो वापरून पाहता येईल.