पालवणकर बाळू : चरित्रकथनातील कर्ता

मावळातील परंदवडी या गावी माझे वास्तव्य असते. तेथून गहुंज्याचे क्रिकेट मैदान फार दूर नाही. या मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओकीफ याने दोन्ही डावांत ३५ धावांत ६, असे एकूण १२ बळी घेतले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनर या दुसऱ्या डावखुऱ्याने १५७ धावांत १३ बळी मिळविले. पहिल्या सामन्याची खेळपट्टी आंतरराष्ट्रीय मंडळाने निकृष्ट ठरविली होती. त्यामुळे गावात त्या पराभवाची चर्चा जेव्हा जेव्हा कानी पडली, तेव्हा वाक्याचे कर्तृपद बहुधा खेळपट्टीकडेच गेलेले आढळले. खेळपट्टी फुटली, खेळपट्टीने घात केला. गोलंदाज केवळ निमित्तमात्र! हे ऐकत असता, आपल्या भाषेत गोलंदाजाला कर्तेपण मिळते केव्हा, हा प्रश्न मनात आला. आणि त्याचे उत्तर शोधण्यास पालवणकर बाळू यांच्या चरित्राइतका उपयुक्त दाखला दुसरा नाही, असे दिसून आले.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. चांभार कुटुंबातील हा मुलगा पुण्यास एका पारशी क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामास लागला, आणि नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपये वेतनावर गेला. मैदान झाडणे, रूळ फिरविणे, जाळी लावणे ही कामे करता करता तो साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागला. पुढे मुंबईस जाऊन परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या वतीने ते खेळले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा पस्तिशीत असलेल्या बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी ही त्यांची एकूण कामगिरी. ४ जुलै १९५५ रोजी ते निवर्तले.

प्रथम 'गोलंदाज' या शब्दाचाच विचार करू. हा शब्द क्रिकेटाबरोबर आलेला नाही. तो फारसीतून आला असून मराठी फौजेत तोफ डागणाऱ्यास गोलंदाज म्हणत. 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तीरंदाज, बरकंदाज हे त्याचेच भाऊबंद. 'फलंदाज' हा मात्र फळीवरून, गोलंदाजाच्या नमुन्यावर मागाहून बेतलेला शब्द दिसतो. कारण फलंदाज काहीच फेकीत नाही. म्हणजे शब्दाच्या व्यवहारात गोलंदाज मूळचा आणि फलंदाज त्याची नक्कल. समाजाच्या व्यवहारात क्रम नेमका उलटा होता. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात प्रत्येक सामन्याचा जय वा पराजय एकेका चेंडूफेक्याच्या नावावर अधिकृतपणे मांडला जातो. क्रिकेटात तसे नाही. इंग्लंडात फलंदाजी ही सभ्य गृहस्थांची कला आणि गोलंदाजी हे बव्हंशी पगारी माणसाचे श्रम, अशी वाटणी दीर्घकाळ चालली. हा भेद तेथे १९६२ साली संपला; तोवर धावफलकावर हौशी खेळाडू आणि पगारी खेळाडू यांची नावे छापण्याची रीतसुद्धा निरनिराळी होती. पूना क्लबात बाळूंनी असंख्य तास चेंडू टाकले, परंतु फळी हाती धरण्याची पाळी त्यांना मिळाली नाही, ही गोष्ट या वाटणीच्या प्रकाशात पाहिली पाहिजे.

नावांच्या रीतीवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हिंदू संघातील पै, देवधर इत्यादी खेळाडू आडनावाने इतिहासात गेले. पालवणकर बंधूंचे आडनाव मात्र एका आद्याक्षरापुरते उरले, आणि ते पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल या नावांनी ओळखले गेले. हा संक्षेप कोणी हेतुपुरस्सर केला, असा माझा आरोप नाही. परंतु परिणाम असा की, एकाच घरातील चार भावांनी हा खेळ गाजविला, ही गोष्ट नामावळी वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बाळूंविषयीच्या माहितीचा एक मोठा आधार म्हणजे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र. रामचंद्र गुहा यांनी २००२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा उपयोग करून हे चरित्र पुन्हा प्रकाशात आणले. त्यानंतर मराठीत लेखांतून आणि भाषणांतून काही ठराविक हकिकती फिरू लागल्या. माझे आक्षेप या मूळ साधनांवर नसून, या फिरत्या हकिकतींच्या वाक्यरचनेवर आहेत. त्यांतील वाक्ये सामान्यतः अशी असतात: 'ग्रेगसाहेबाने बाळूला बाद करण्याबद्दल आठ आणे दिले', 'पुढाऱ्यांनी बाळूला हार घातला', 'हिंदू क्लबाने बाळूला संघात घेतले'. आणि दुसऱ्या बाजूला: 'बाळूला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई', 'बाळूला निराळे वाढले जाई', 'बाळूला कर्णधारपद नाकारले गेले'.

या दोन गटांची तुलना करावी. ज्या वाक्यात उपकार आहे, तेथे कर्ता नामनिर्देशासह उपस्थित आहे. ज्या वाक्यात अपमान आहे, तेथे क्रियापद 'जाणे' या साहाय्याने कर्मणी झाले असून कर्ता लुप्त आहे. चहा कोणी दिला? निराळे कोणी वाढले? व्याकरण त्याची वाच्यता करीत नाही. आणि दोन्ही गटांत बाळू मात्र 'ला' प्रत्यय लावून एकाच जागी उभे आहेत. दुसऱ्यांनी काही द्यावे किंवा नाकारावे, एवढ्यासाठीच जणू त्यांचे अस्तित्व!

यावर असा आक्षेप येईल की, कर्मणी रचना ही भाषेची स्वाभाविक सोय आहे. तीत समाजशास्त्र शोधणे हा भाषाशास्त्रज्ञाचा छंद होय. आक्षेप अंशतः रास्त आहे. सुटे वाक्य काहीच सिद्ध करीत नाही. परंतु एकाच माणसाच्या कथनात कर्त्याची उपस्थिती आणि लोप यांची वाटणी उपकार व अपमान यांच्या वाटणीशी तंतोतंत जुळत असेल, तर तो योगायोग म्हणता येत नाही.

शिवाय त्याच प्रसंगांचे दुसरे कथन शक्य आहे. चार रुपये वेतनाच्या नोकराने आठ वेळा ग्रेगचा बळी घेतला की एका महिन्याचे वेतन भरून निघे. 'बाळूंनी ग्रेगला बाद केले' असे म्हटले की आठ आणे ही बक्षिसी न राहता कमाई ठरते. धावफलक हेच करतो. त्यावर 'गो. बाळू' एवढीच नोंद असते. तेथे आश्रयदाता नाही, हार नाही, चहाचे भांडेही नाही. १९११ च्या दौऱ्यात लिस्टरशरविरुद्ध घेतलेले ११ बळी कोणी त्यांना दिलेले नव्हते.

मैदानाबाहेरही पालवणकर कर्ते होते. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपदाचा या घराचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. परिणामी बाळूंना संघात परत बोलावून उपकर्णधार नेमावे लागले, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. 'विठ्ठलला अखेर न्याय मिळाला' हे वाक्य या घटनेचे वर्णन करण्यास अपुरे आहे. न्याय मिळाला नाही, तो मिळविला गेला. आणि मिळविणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत.

खरी कसोटी मात्र पुढे लागते. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. येथे बाळूंचे चाहतेदेखील अवघडतात आणि लिहितात, 'काँग्रेसने बाळूला उभे केले'. पुन्हा तोच 'ला'! हे वाक्य त्यांच्या बचावासाठी लिहिलेले असते, पण त्याने त्यांचा बचाव होत नाही. स्वतःचा विचार करण्यास असमर्थ असा माणूस म्हणून ते त्यांना पुन्हा क्लबाच्या नोकराच्या जागी नेऊन बसविते. बाळूंचा तो निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मला स्वतःला तो चुकीचाच वाटतो. परंतु चूक ठरविण्यासाठी प्रथम निर्णय त्यांचा होता, हे मान्य करावे लागते. 'बाळू उभे राहिले' असे लिहिणाराच त्यांच्याशी वाद घालू शकतो. 'उभे केले' असे लिहिणारा त्यांना केवळ क्षमा करतो, आणि ती कोणी मागितलेली नव्हती.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी चरित्रवाङ्मयावर प्रबंध लिहीत आहेत, त्यांना एवढेच सुचवावयाचे आहे की, चरित्राचे परीक्षण करताना नायकाविषयी किती आदर व्यक्त झाला आहे, हे मोजण्यापूर्वी तो किती वाक्यांचा कर्ता आहे, हे मोजावे. आदर चतुर्थीतही दाखविता येतो. खेळपट्टीवर रूळ फिरविणारा आणि त्याच खेळपट्टीवर बळी घेणारा माणूस एकच होता. त्याच्या चरित्रात खेळपट्टीला कर्तेपण देण्याचे कारण नाही.