काळ्याच्या पोटातला रंग

माझ्या भाचीने गेल्या महिन्यात घरच्या घरी केसांत कॅरॅमल हायलाइट्स केले. रात्री ट्यूबलाइटखाली पाहिलं तेव्हा फारसं काही जाणवलं नाही. सकाळी ती गच्चीत कपडे वाळत घालायला आली, तिने मान वळवली आणि डाव्या कानामागची एक बट उन्हात अशी उजळली, की मी हातात चिमटे धरून तशीच उभी राहिले. चिक्कीसाठी गूळ वितळायला लागतो, तेव्हा पातेल्याच्या कडेला जो रंग दिसतो, तोच. मधे गडद, काठाला सोनेरी.

हा रंग ट्यूबमधून येतो, असंच मी समजत होते. पण तो मुख्यतः केसातूनच येतो. ब्लीचमधला हायड्रोजन पेरॉक्साइड केसातलं मेलॅनिन फोडत जातो, तसा काळा केस आधी तपकिरी, मग तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी फिकट पिवळा होतो. नारिंगी आणि पिवळा यांच्यामध्ये जिथे थांबायचं, तिथे कॅरॅमल. राखाडी झाक हवी असेल तर आपल्या केसांतल्या या तांबूसपणाशी भांडावं लागतं, कॅरॅमलमध्ये तोच कामी येतो. म्हणून सावळ्या चेहऱ्याभोवती तो उसना वाटत नाही. साखर जाळून कॅरॅमल करतानाही सगळं कौशल्य आच कधी बंद करायची यातच असतं. नाव फार नेमकं पडलं आहे.

भाचीचं थांबणं मला फार आवडलं. पेरॉक्साइड तिने 6 टक्क्यांचा घेतला, म्हणजे 20 व्हॉल्यूम. त्याहून कडक नको म्हणाली. दर पाच मिनिटांनी बटेभोवती गुंडाळलेली एक फॉइल उघडायची, ओल्या कापसाने थोडंसं पुसून रंग बघायचा, पुन्हा मिटायची. मुळाशी बोटभर केस तिने कोरे सोडले. टाळूच्या उबेने तिथे ब्लीच लवकर चढतं आणि मुळं टोकांपेक्षा उजळ होतात. शिवाय कोरं सोडल्यामुळे केस वाढले तरी मधे रेघ दिसणार नाही. धुतल्यावर सोनेरी तपकिरी टोनर लावला, त्याने नारिंगीचा भडकपणा तेवढा निवला.

ती कानामागची बट हातात घेऊन पाहिली. ती सलग रंगलेली नाहीच. कंगव्याच्या शेपटीने दोन-चार केस उचलायचे, दोन-चार सोडायचे, असं विणून घेतलेलं आहे. उजळ केसाशेजारी काळा केस आहे, म्हणूनच उजळ केस चमकतो. डोक्याच्या मागे, जिथे हात पोचेना म्हणून ताईने मदत केली, तिथे एक बट दोन बोटं जाड उचलली गेली आहे. रंग तोच, टोनर तोच, पण तो पट्टा दिसतो आणि नजर तिथे अडते. या दोन बटा शेजारी धरल्या की या कलेत विणीला रंगाहून जास्त मान का, ते कळतं.

गच्चीतल्या उन्हात तिला पाहताना मला व्हेनिसच्या बायका आठवल्या. चेझारे वेचेल्लिओने 1590 साली छापलेल्या पोशाखांच्या पुस्तकात त्यांचं चित्र आहे. घराच्या छतावरच्या लाकडी मचाणावर एक बाई बसली आहे. डोक्यावर माथा नसलेली, नुसत्या रुंद काठाची टोपी, आणि केस त्या काठावर पसरलेले, उन्हात उजळायला. घरच्या घरी केस उजळण्याची हौस एवढी जुनी आहे.

मी विचारलं, “माझ्याही दोन बटा करशील?”

“नाही मावशी. तुझ्या केसांना इतकी वर्षं मेंदी आहे.”

तिचं बरोबर होतं. मेंदीचा तांबडा रंग केसात घट्ट बसतो, सहज निघत नाही. आणि पाकिटातल्या काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की ते तापतात, केस तुटतात. तेव्हा तुम्ही करणार असाल तर टोनर 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा. आणि मानेजवळचे चार केस कापून, ब्लीच आधी त्यांच्यावर करून पाहा.