चाकाची खुर्ची नसलेल्यांची कथा

नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठी वाचकांना सुपरिचित आहे. किशोरवयात कमरेखालचे शरीर लुळे पडलेली एक मुलगी शिकते, नोकरी करते आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारते. आघात, जिद्द आणि उभारणी अशी या कथेची ठळक रेषा आहे. पुस्तकाचे नावच वाचकाच्या डोळ्यांपुढे एक वस्तू ठेवते. खुर्ची दिसते म्हणून दुःख उमगते आणि हक्काची मागणीही पटते. हे लेखिकेचे यश होय. परंतु अपंगत्वाची कथा अशीच असावयाची, असा जो संकेत वाचकाच्या मनात रूढ होतो, त्याची चिकित्सा आवश्यक वाटते. ज्या आजाराला खुर्ची नाही, त्याचे काय?

नागपूरकरांना हा प्रश्न टाळता येणार नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील त्याचे अस्तित्व शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले. या रुग्णांसाठी झटणारे नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव २०१८ च्या पद्मश्रींच्या यादीत होते. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे पिळवटून टाकणारी कळ उठते. आठवडाभर अंथरुणाला खिळलेला तरुण पुढच्या आठवड्यात सायकलवरून कामाला निघालेला दिसतो. शेजारी म्हणतात, "याला काय धाड भरली आहे?"

कायद्यानेही या दुखण्याकडे फार उशिरा पाहिले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत ते नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मानले. त्यांत थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांच्याबरोबर सिकलसेल आला. परंतु पंगतीला बोलावले तरी पान पूर्ण वाढले नाही. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागा ज्या प्रकारांना दिल्या, त्या कलम ३४ च्या यादीत रक्तविकार नाहीत. अनेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. स्थितीत बदल संभवत असेल तर दाखल्यावर मुदत घालण्याची तरतूद नियमांत आहे. म्हणजे जन्मभराचे दुखणे घेऊन पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे राहणे आले. कळ असते त्या दिवशी तेथवर जाववत नाही. जाता येते त्या दिवशी तपासणाऱ्याला कळ दिसत नाही.

येथे दाखला आणि वाङ्मयीन अभिरुची यांचे साम्य ध्यानात येते. दाखल्याला स्थिर आकडा हवा असतो, वाचकाला चढती कथा. जो जिंकला त्याचे आपण कौतुक करतो. जो नुसता तग धरून आहे, त्याची कथा आपल्याला रटाळ वाटते. सिकलसेलग्रस्ताच्या आत्मकथनात रजेचे अर्ज, रक्ताच्या पिशव्या, बुडालेल्या परीक्षा आणि पुन्हा तेच रुग्णालय येणार. ही पुनरावृत्ती रचनेतील दोष नव्हे. ती त्या जगण्याची रीत आहे. असे लेखन हाती आल्यास संपादकाने ते 'प्रेरणादायी नाही' म्हणून परत धाडू नये, आणि वाचकाने शेवटच्या पानावर विजयाची अपेक्षा ठेवू नये. हुरजूक यांनी मराठी वाचकाला खुर्चीवरच्या माणसाकडे पाहावयास शिकवले. खुर्चीवाचून दुखणे सोसणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचे शिक्षण अद्याप बाकी आहे.