दिवा लाल असल्यास

मराठी समीक्षेने नवकथा तपासली, ग्रामीण कादंबरी तपासली, लग्नपत्रिकांतल्या चारोळ्यांनासुद्धा कुणी ना कुणी समीक्षक मिळाला. पण यंत्राच्या खोक्याच्या तळाशी, वायरच्या वेटोळ्याखाली जे वाङ्मय सापडते, त्याकडे अजून कुणी ढुंकूनही पाहिलेले नाही. वास्तविक या पुस्तिका घरोघरी जातात, फुकट जातात आणि संकटसमयी वाचल्या जातात. हे भाग्य आपल्याकडे फार थोड्या ग्रंथांना लाभले आहे.

अलीकडेच आमच्या घरचा फायबरचा जुना मोडेम जाऊन नवा आला. त्यासोबतची सोळा पानी इंग्रजी पुस्तिका मी दोन दिवस बारकाईने वाचली. नेट बंद असल्यामुळे वाचनाला भरपूर वेळ होता.

पुस्तिकेचा पूर्वार्ध सुखात्मिका आहे. खोके उघडा, वायर जोडा, बटण दाबा आणि आनंद घ्या. उत्तरार्धाचे नाव ‘अडचण आल्यास’. इथे इतका वेळ गोड बोलणारा लेखक एकदम फौजदार होतो. वीज आहे का? बटण दाबले का? वायर घट्ट बसवली का? नक्की? वाचता वाचता वाटू लागते, की बिघाड मोडेममध्ये नसून आपल्यातच आहे. मग तो सुप्रसिद्ध उपाय येतो : बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. या उपायाची चेष्टा करणाऱ्यांतला मी नाही. मोडेम हा एक छोटा संगणकच. त्याची स्मृती कधी कधी गुंता करून बसते आणि वीज तोडली की तो गुंता सुटतो. पण शेवटची ओळ मात्र अभिजात आहे : ‘तरीही इंटरनेट सुरू न झाल्यास आमच्या संकेतस्थळाला भेट द्या.’ विरोधाभासाचे इतके शुद्ध उदाहरण मला शाळेच्या व्याकरणातही आढळले नव्हते.

खरे म्हणजे दिव्यांची गोष्ट सरळ आहे. ती फक्त क्रमाने सांगायला हवी. बहुतेक मोडेमांत ‘एलओएस’ लाल झाला, की समजावे, बाहेरून प्रकाशच येत नाही. केसासारखी काचेची तार कुठे तरी तुटली, दुमडली किंवा सांध्यात निसटली आहे. तो लाल नाही, पण ‘पॉन’ नुसताच लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतो आहे, मात्र पलीकडच्या यंत्राने या मोडेमला अजून ओळख दिलेली नाही. पॉन स्थिर आणि ‘इंटरनेट’ अंधारात, तर बहुधा ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड आत भरलेले नाहीत. आणि सगळे हिरवे असूनही फोन जोडला जात नसेल, तर मामला घरातल्या वायफायचा. नव्या मोडेमने नवे नाव, नवा पासवर्ड आणलेला असतो आणि घरातले फोन-टीव्ही जुन्याच नावाचा जप करीत बसलेले असतात. म्हणजे दुखणे रस्त्यात आहे, कंपनीच्या दप्तरात आहे, मोडेमच्या पोटात आहे की आपल्या घरात, हे दिवेच सांगतात. पुस्तिकेतही दिव्यांचा तक्ता आहे, पण इंग्रजी अकारविल्ह्याने. शब्दकोश देऊन महाभारत समजून घ्या म्हणण्यासारखे हे झाले.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुस्तिकेत जे नाही त्याबद्दल आहे. फायबरवर नवा मोडेम लावला, की साधारणपणे त्याचा नंबर कंपनीच्या यंत्रात चढवावा लागतो. घरी बसून ग्राहकाने लाख बटणे दाबली तरी हे काम होत नाही, कारण ते बटण घरात नसतेच. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने एक फोन करून नंबर चढवला आणि पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेरही न काढता निघून गेला. सोळा पानांत याविषयी एक शब्द नाही. उलट रामबाण म्हणून सुचवले आहे, की मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. याने मोडेम कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो आणि आत भरलेले नाव-पासवर्डही बहुधा पुसले जातात. एक दुखणे होते, त्याची दोन झाली.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या नानांकडेही तसाच मोडेम आला. नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभी नोकरी तारखात्यात. २०१३ साली देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा त्यांनी शेवटची तार स्वतःलाच पाठवली होती. रविवारी संध्याकाळी टॅबवर नात दिसते, त्यावर त्यांचा आठवडा चालतो. तो रविवार कोरा गेला. त्यांनी कुणाला सांगितले नाही. मी सहज वर गेलो, तेव्हा पुस्तिका भिंगाखाली उघडी होती आणि शेजारी टाचणी.

“अरे, माझ्याच हातून काही तरी दाबलं गेलं असणार,” नाना म्हणाले. “डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही.”

“नाना, तुमचं काही चुकलेलं नाही.”

“मग तसं लिहिलंय का यात कुठं?”

नव्हते लिहिलेले. मी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटे संगीत ऐकवल्यावर पलीकडच्या मुलाने मोडेमखालच्या लेबलावरचा नंबर विचारला आणि हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात म्हणाला, “हा नंबर आमच्याकडे चढवलेलाच नाही, सर.” पाच मिनिटांत पॉन स्थिर झाला. टाचणीने पुसलेले नाव-पासवर्ड १९२.१६८.१.१ या पत्त्यावर पुन्हा भरले. तो पत्ता घरातल्या घरातच असल्यामुळे त्याला नेट लागत नाही.

नाना दिव्याकडे पाहत म्हणाले, “आमच्या वेळी तार अडकली, तर आम्ही लाइन तपासायचो रे. गिऱ्हाइकाला, स्वतःला तपासा म्हणून नाही सांगितलं कधी.”

याहून नेमके परीक्षण मला लिहिता येणार नाही. तेव्हा पुढच्या आवृत्तीसाठी फक्त एक सूचना. पहिल्याच पानावर ठळक टायपात चार ओळी घालाव्यात : ‘मोडेम नवा असेल, तर आधी आम्हाला फोन करून त्याचा नंबर सांगा. आमच्याकडे नोंद होईपर्यंत तुमच्याकडून काही होणार नाही. टाचणी लावू नका. तुमचे काही चुकलेले नाही.’

जागेअभावी काही गाळायची वेळ आलीच, तर ‘आनंद घ्या’ गाळावे.