कुबड्या, चाकांची खुर्ची आणि एक छोटा प्रयोग

स्पायना बायफिडा या जन्मजात विकारात गर्भावस्थेत पाठीचा कणा पूर्णपणे मिटत नाही. मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर त्या जागेखालचे स्नायू दुबळे राहतात. नितंबाच्या बाजूचे स्नायू दुबळे असले, की मूल प्रत्येक पावलाला डावी-उजवीकडे झुलत चालते. कुबड्या दिल्यावर काही भार हातांवर जातो आणि झुलणे कमी होते. चाल सुधारते, पण पायांचे काही काम आता हात आणि खांदे करू लागतात. या कामाची किंमत वर्गात मोजावी लागते का?

1991 साली ‘फिजिकल थेरपी’ या अमेरिकी नियतकालिकात फ्रँक्स, पॅलिसानो आणि डार्बी यांनी हा प्रश्न तपासला. 9 ते 15 वर्षांचे तीन विद्यार्थी शाळेत काही दिवस चालण्याच्या साधनाने, तर काही दिवस चाकांच्या खुर्चीने वावरले. डोळे आणि हात यांच्या समन्वयाची अचूकता चालण्याच्या दिवसांत कमी भरली.

मुले तीनच होती, म्हणून प्रयोग मोडीत काढू नये. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच केलेली आहे. त्यामुळे मुलामुलांतील फरक आड येत नाहीत. उणिवा अन्यत्र आहेत. आज आपण कोणते साधन वापरतो आहोत, हे मुलापासून लपवता येत नाही. वॉकर, कुबड्या, एकेक पाऊल टाकत चालणे, दोन्ही पाय एकदम झुलवत पुढे नेणे, या प्रत्येकाचे श्रम वेगळे. तीन मुलांवरून त्यांचा निवाडा होत नाही. शिवाय थकवा सर्वांगाचा, की लिहिणाऱ्या हाताचा? तोच हात कुबडीची मूठ आवळत असतो. हा भेद शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: हातच थकला असेल, तर आल्याआल्या लेखनाऐवजी तोंडी काम दिले तरी पुष्कळ साधेल.

चालण्याचे दीर्घकालीन फायदे या प्रयोगात मोजलेले नाहीत. म्हणून ‘खुर्चीच बरी’ असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. मात्र ‘जितके चालेल तितके चांगले’ या आपल्या सरसकट आग्रहालाही त्यातून आधार मिळत नाही. लांबच्या अंतराला खुर्ची आणि वर्गात कुबड्या, असा मेळ घालता येतो. तो घालताना मुलालाही विचारावे.