संहिता कोणाची? : बेघरांसह घडणारी सार्वजनिक कला आणि कर्तेपणाचा प्रश्न

बेघर माणसाविषयीची कला आणि बेघर माणसासह घडलेली कला यांतील भेद समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. पहिल्या प्रकारची चर्चा करुणा, वास्तवदर्शन, प्रतिमा या परिचित परिभाषेत करता येते. दुसऱ्या प्रकाराला समाजकार्य म्हणून गौरवले जाते आणि त्याच कारणाने सौंदर्यविचारातून वगळले जाते. या दोन्ही प्रतिक्रियांत एक प्रश्न सुटून जातो, तो म्हणजे संहिता कोणाची? दलित साहित्य जन्माने ठरते की जाणिवेने, या वादामुळे मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित नाही. मात्र तिथे वाद एका लेखकाच्या अनुभवाविषयी होता. इथे कर्तेपणच अनेकांत विभागलेले असते. अमेरिकेतील दोन उदाहरणांच्या आधारे या विभागणीचा विचार येथे केला आहे.

पोलंडमध्ये जन्मलेले कलावंत क्रिस्तॉफ वोदिच्को यांनी १९८८-८९ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘होमलेस व्हेइकल’ हा प्रकल्प केला. रिकामे डबे व बाटल्या गोळा करून, प्रत्येकी पाच सेंट अनामत रक्कम परत मिळवून जगणाऱ्या बेघरांशी सल्लामसलत करून ही ढकलगाडी आखली गेली. तिच्यात गोळा केलेला माल ठेवण्याची, झोपण्याची व हातपाय धुण्याची सोय होती. तिचे टोक क्षेपणास्त्रासारखे होते. मोजकेच नमुने तयार झाले, कारण बेघरपणावरील उपाय म्हणून ती कल्पिलेलीच नव्हती. असे वाहन शहराला लागावे, हाच शहरावरचा आरोप होता. रूपक म्हणून ही कृती असामान्य आहे. तथापि रूपक रचण्याचा अधिकार कलावंताकडेच राहिला. बेघर सहभागी सल्लागार होते आणि त्यांच्याशी झालेले संवादही प्रसिद्ध झाले. परंतु कलेतिहासात कृती नोंदली गेली ती वोदिच्को यांच्या नावावर.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिसच्या स्किड रो वस्तीतील. प्रयोगकलावंत जॉन माल्पीड यांनी १९८५ साली तेथील रहिवाशांसह ‘लॉस एंजेलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट’ ही नाट्यसंस्था सुरू केली. नावाची आद्याक्षरे एल. ए. पी. डी., म्हणजे शहराच्या पोलीस खात्याचीच. जे खाते या माणसांना हटकते त्याचे संक्षिप्त नाव त्यांनी स्वतःस घेतले. विडंबनाची ही युक्ती संस्थेच्या पुढील कामातही दिसते : सत्तेची भाषा न बदलता उचलायची आणि उच्चारणारा बदलायचा.

‘एजंट्स अँड अ‍ॅसेट्स’ (२००१) या प्रयोगात ही युक्ती पूर्णत्वाला जाते. लॉस एंजेलिसमधील क्रॅक कोकेनच्या व्यापाराशी सी. आय. ए.चा संबंध असल्याच्या आरोपांवर १९९८ साली प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीपुढे सुनावणी झाली. तिचा अधिकृत वृत्तांत हीच नाटकाची संहिता. प्रतिनिधींच्या खुर्च्यांवर बसतात स्किड रोमधील नट, म्हणजे त्या अमली पदार्थाने उद्ध्वस्त केलेल्या वस्तीतील माणसे. संसदीय सभ्यतेचे आदरार्थी शब्द त्यांच्या तोंडी आले की त्या सभ्यतेआड काय झाकले होते ते ऐकू येऊ लागते. एकही शब्द न लिहिता ही मंडळी संहितेची कर्ती होतात. कर्तेपण लेखनात असते तसे उच्चारणातही असते, हे तौलनिक साहित्याभ्यासाने येथून शिकण्याजोगे आहे.

‘वॉक द टॉक’ या उपक्रमात दिशा उलटी आहे. २०१२ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी निघणाऱ्या या मिरवणुकीत वस्तीसाठी झटलेल्या माणसांचा गौरव होतो. त्यांच्या मुलाखतींतून प्रवेश रचले जातात आणि बँडच्या साथीने वस्तीतून फिरत, वाटेत थांबून ते सादर होतात. येथे संहिताही वस्तीची आणि रंगमंचही तिचाच. २०१४ साली सॅन ज्युलियन रस्त्यावर रहिवाशांच्या सहभागाने रंगवलेले भित्तिचित्र याच जातीचे. त्यात वस्तीचा नकाशा आहे आणि नगरहद्दीच्या सरकारी फलकाची हुबेहूब नक्कल आहे; फक्त लोकसंख्येच्या आकड्याऐवजी ‘फार जास्त’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ज्यांना पत्ता नाही त्यांनी संपूर्ण वस्तीलाच पत्ता दिला. बेघर या शब्दात केवळ छपराचा अभाव मोजला जातो. स्थळाशी जडलेले नाते त्या शब्दात मावत नाही.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की माल्पीड स्वतः बाहेरून आले आणि संस्थेचा उल्लेख आजही त्यांच्या नावासह होतो, मग वोदिच्कोंहून फरक कोणता? फरक काळाचा आहे. वाहन हा ठरावीक मुदतीचा प्रकल्प होता. ही संस्था मात्र त्याच वस्तीत दशकानुदशके राहिली आणि २०१५ साली तिने स्वतःचे संग्रहालय व अभिलेखागार उघडले. स्वतःच्या स्मृतीची व्यवस्था वस्तीच्या हाती आली की कर्तेपण नावापुरते उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे : याने बदलले काय? निवाऱ्यात पुरेशा खाटा नसताना रस्त्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करणे घटनाबाह्य आहे, असे २००६ साली याच वस्तीसंबंधीच्या जोन्स खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले; २००७ च्या तडजोडीनंतर तो निकाल रद्दबातल झाला. २०२४ साली ग्रँट्स पास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उघड्यावर मुक्काम करण्यावरील बंदीची अंमलबजावणी क्रूर शिक्षा ठरत नाही, असा निर्णय दिला. भित्तिचित्र तंबू वाचवू शकत नाही. चित्राचे कौतुक आणि तंबूंची हकालपट्टी एकाच शहरात सुखाने नांदू शकतात, हेही मान्य करावे लागते.

तरीही न्यायालयीन निकाल ही एक संहिता आहे आणि तिच्यात बेघर मनुष्य हा विषय असतो. मिरवणुकीत तो बोलणारा असतो. या दोन संहिता शेजारी ठेवून वाचणे हे आपल्या अभ्यासशाखेचे काम आहे. ते टाळले, तर पहिलीच तेवढी इतिहास म्हणून उरेल.