दूध नाही, म्हणजे नेमकं काय?

आधी वाफ दिसते, मग कप. कपाखाली लाकडी ट्रे, मागे खिडकी, जमलं तर खिडकीबाहेर पाऊस. दोन हात दालचिनीची काडी मोडतात, आलं किसतात, ओट्सचं दूध ओततात. चेहरा दिसत नाही. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात : कोझी मॉर्निंग, व्हीगन, पाच मिनिटांत. तीस सेकंदांत सगळं संपतं आणि बोट आपोआप पुढच्या रीलवर सरकतं.

मी या रील भरपूर बघतो आणि मला त्या आवडतात. म्हणूनच त्यांच्याबद्दल गंभीरपणे बोलावंसं वाटतं. माझ्या वयाच्या माणसांनी गेल्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त कोणता मजकूर वाचला असेल, तर तो कादंबरी किंवा कविता नसून पाककृती असणार. तरीही तिची समीक्षा कुणी करत नाही. पदार्थ जमला की नाही, एवढंच कमेंटमध्ये विचारलं जातं. ती काय सांगते, काय गाळते, कुणाला गृहीत धरते, हे प्रश्न आपण कथेला विचारतो. ते पाककृतीलाही विचारता येतात.

सुरुवात ‘कोझी’पासून करू. हा शब्द थंड देशांतून आला. 2016च्या सुमारास ‘ह्युग’ या डॅनिश शब्दाची लाट आली आणि मेणबत्ती, लोकरी मोजे, गरम कप अशी चित्रभाषा जगभर पसरली. त्याआधी 2003मध्ये स्टारबक्सनं भोपळ्याच्या मसाल्याची कॉफी आणली होती : दालचिनी, जायफळ, लवंग, आलं. आपल्या रीलची चव आणि चित्रचौकट बऱ्याच अंशी या दोन गोष्टींतून घडली आहे. त्यात वाईट काही नाही. चहाही आपल्याकडे बाहेरूनच आला.

मराठीत याला जवळचा शब्द ‘ऊब’. पण ऊब कुठून येते ते बघा. कोंबडी अंडी उबवते. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी ऊब देते. चुलीपुढे बसलं की ऊब लागते. प्रत्येक वेळी तिच्यामागे एक शरीर असतं, जे बसून राहिलेलं असतं, शिवत असतं किंवा फुंकणीनं जाळ करत असतं. ‘कोझी’ ही जागेची अवस्था असू शकते, एखादी खोली कोझी असते. ऊब मात्र कुणीतरी कुणालातरी देतं. रीलमध्ये चेहरा न दाखवता फक्त हात दाखवतात, ती शैली म्हणून छान आहे, पण त्यात ऊब देणारी व्यक्तीच कापली जाते.

मसाल्यांचंही तसंच. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस, मनुका ही यादी 2020मध्ये आयुष मंत्रालयानं काढ्यासाठी दिली होती आणि घराघरांत त्याचे पेले फिरले होते. त्याआधीही सुंठ ही बाळंतिणीची, पावसाळ्यातल्या सर्दीची, जड जेवणानंतरची वस्तू होती. आपल्या स्वयंपाकघरात ‘गरम’ म्हणजे तापमान आणि ‘उष्ण’ म्हणजे गुण. बर्फासारखा गार असला तरी पदार्थ उष्ण असू शकतो. रीलमध्ये या दोन गोष्टी एक होतात आणि मसाला औषधावरून सुगंधावर येतो. हा बदल मला खटकत नाही. प्रत्येक कप औषध म्हणून प्यायचा तर जगणं अवघड होईल. खटकतो तो तिसरा शब्द, ‘व्हीगन’. कारण त्याच्या पोटात एक छोटं वाक्य आहे, ‘यात दूध नाही’, आणि मराठीत त्या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात.

पहिला अर्थ : दूध नाही, कारण ते परवडत नाही. दुसरा : दूध नाही, कारण ते विकलं. तिसरा : दूध नाही, कारण ते नको आहे. ‘व्हीगन’ हा शब्द 1944मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला, तो फक्त तिसऱ्या अर्थासाठी. त्यांच्यासाठी ते पुरेसं होतं. आपल्याकडे हा शब्द नुसता चिकटवला की पहिले दोन अर्थ त्याखाली गाडले जातात.

दुसरा अर्थ सहसा कुणी बोलत नाही, म्हणून तो आधी घेतो. उदाहरण दौंड तालुक्यातल्या खुटबावचं. पुण्याहून दौंडकडे जाताना यवत आणि केडगाव यांच्यामध्ये हे स्टेशन लागतं. कालव्याचं आणि नदीचं पाणी, त्यावर ऊस, उसाबरोबर गुऱ्हाळं आणि उसाच्या वाढ्यांवर जगणाऱ्या गायी असा हा पट्टा. इथं संकरित गाय म्हणजे रोख रक्कम. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध दर दहा दिवसांनी. सकाळी धार काढली की किटली संकलन केंद्रावर जाते, तिथे फॅट बघतात आणि खात्यावर नोंद होते. घरात मागे किती ठेवायचं हा हिशेबाचा प्रश्न असतो. दर पडले की घरचं दूध आधी कमी होतं. जुलै 2018मध्ये राज्यभर दूध आंदोलन पेटलं, टँकर अडवले गेले, तेव्हा सरकारनं लिटरला 25 रुपये दर जाहीर केला. शेतकऱ्याला 25 रुपये मिळावेत यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. दुकानातलं ओट्सचं दूध लिटरला याच्या अनेक पट किमतीला मिळतं.

म्हणजे गोठ्यात चार गायी असलेल्या घरातही चहा कोरा असू शकतो. ‘कोरा’ हा शब्द बघा. कागद कोरा असतो, म्हणजे त्यावर अजून काही लिहिलेलं नाही. चहा कोरा असतो, म्हणजे त्यात जे असायला हवं ते अजून पडलेलं नाही. या शब्दातच उणीव आहे. पाहुण्याला कोरा चहा द्यायला म्हणूनच संकोच वाटतो आणि शेजारून वाटीभर दूध आणलं जातं. रीलमध्ये हाच चहा ‘ब्लॅक स्पाइस्ड टी’ होतो तेव्हा एक चांगली गोष्ट घडते : संकोच जातो. पण त्या संकोचाचं कारणही सोबत जातं.

गंमत म्हणजे गुऱ्हाळाच्या या मुलखात कोऱ्या चहाची बाजू घेणारा एक भक्कम पुरावा आहे, तो म्हणजे गूळ. गुळाच्या चहात दूध घालून उकळलं की ते बऱ्याचदा फाटतं, कारण गुळात आम्लता आणि क्षार असतात आणि तापलेल्या दुधातल्या प्रथिनांना ते सोसत नाहीत. म्हणून गुळाचा चहा करणारे दूध वेगळं तापवून गॅस बंद केल्यावर घालतात. कोऱ्या चहाला ही यातायात नाही. पाणी, चहापूड, ठेचलेलं आलं, चिमूटभर सुंठ आणि शेवटी गुळाचा खडा. हे पेय दुधावाचून अडलेलं नाही, त्याला दूध लागतच नाही. एखाद्या रीलनं एवढी एक गोष्ट सांगितली असती तर ती पाककृती म्हणून कितीतरी भक्कम झाली असती.

त्याऐवजी तिथे बऱ्याचदा उधार घेतलेली सूचना मिळते. ‘साखर व्हीगन आहे ना ते तपासा’ हे वाक्य मी अनेकदा पाहिलंय. अमेरिकेत या सूचनेला अर्थ आहे. तिथल्या काही शुद्धीकरण कारखान्यांत साखर पांढरी करायला जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात. भारतातले साखर कारखाने प्रामुख्यानं चुना आणि गंधकाच्या वायूनं रस स्वच्छ करतात. इथं विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रॉस घातलंय का? काहिलीत मळी काढायला भेंडीचं पाणी वापरलं, की दुसरं काही? काहिलीखाली काय जाळलं, चिपाड की प्लॅस्टिक? नैतिक खाणं म्हणजे आपल्या ताटातल्या वस्तूची चौकशी करणं असेल, तर ती इथल्या वस्तूची हवी. दुसऱ्या देशातली चौकशी भाषांतर करून चालत नाही.

आता पहिला अर्थ, परवडत नसल्याचा. यासाठी दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी मराठी स्वयंपाक लिहून काढला. एकत्र कुटुंबातून बाहेर पडलेल्या, सासू-आईपासून लांब संसार मांडलेल्या मुलींना याचा केवढा आधार झाला असेल! अंदाजानं होणाऱ्या गोष्टीला माप देणं हे मोठं काम आहे. पण वाटीनं मोजायचं तर वाटीत घालायला काहीतरी हवं. दूध, तूप, खोबरं, साखर घरात आहे, असं धरूनच ते पुस्तक चालतं.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015मध्ये आलं. जेवणाआधीच्या श्लोकातल्या ‘पूर्ण’ला एक ‘अ’ लावून त्यांनी सगळी मांडणीच उलटी केली. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं खाणं त्यांनी नोंदवलं. त्या स्वयंपाकात दूध-तूप नाही, तेलही जपून. भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2024मध्ये आला आणि पुस्तक मराठीबाहेर पोचलं. या पुस्तकात मांस आहे, आतडी आहेत, रक्त आहे, त्यामुळे कुणी त्याला व्हीगन म्हणणार नाही. पण दूध नसण्याचा सामाजिक अर्थ मराठीत इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच लिहिला गेला असेल. दूध नाही, कारण गाय तुमची नव्हती. मेल्यावर ती ओढून न्यायचं काम मात्र तुमचं होतं. हे वाचल्यावर ‘डेअरी-फ्री’ हा शब्द पुन्हा पहिल्यासारखा हलका वाटत नाही.

मग व्हीगन मंडळींचं चुकतं का? मला तसं वाटत नाही. तिसऱ्या अर्थाचा प्रश्न खरा आहे आणि खुटबावसारख्या दुधाच्या गावांत तर तो फारच खरा आहे. गाय दूध द्यायला हवी तर ती व्यायला हवी, आणि व्यायली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, शिवाय औतच आता कमी झालं. 2015मध्ये, पाटोळ्यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्यानं गोऱ्हा मारायचा नाही, हिशेबात तो पोसायचा नाही. मग त्याचं काय होतं? दुधाच्या प्रत्येक कपामागे हा प्रश्न उभा आहे आणि तो थेट विचारायचं धाडस व्हीगन विचारात आहे.

माझी तक्रार आहे ती इथं. रील हा प्रश्नही विचारत नाही. तिच्यात गाय नाही, गोऱ्हा नाही, गोठा झाडणारी बाई नाही, दराचा कागद नाही. तिनं व्हीगन विचारातली अस्वस्थता काढून टाकली आणि तिथे ऊबदार प्रकाश भरला. जो विचार झोप उडवायला जन्मला, त्याची अंगाई करून टाकली. गावावर अन्याय झाला म्हणून नाही, तर व्हीगन विचारावरच अन्याय झाला म्हणून मला हा प्रकार तोकडा वाटतो.

माझ्या कामात एक नेहमीची अडचण येते. एखादा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर चालतो आणि दुसरीकडे बंद पडतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं : तो ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या कुठे लिहिलेल्याच नसतात. ‘पाच मिनिटांत’ ही तशीच न लिहिलेली यादी आहे. त्यात गॅसची जोडणी आहे, नळाला पाणी आहे, कुणीतरी घासून ठेवलेली भांडी आहेत, ऑनलाइन मागवलेलं बदामाचं दूध आहे. पाककृतीची कसोटी मी यावर लावतो : ती आपली खरी यादी किती प्रामाणिकपणे देते? ‘रुचिरा’नं मापाची यादी दिली. पाटोळ्यांनी जातीची दिली. रीलनं अजून कुठलीच दिलेली नाही.

हे अवघड मुळीच नाही. हुलग्याचं माडगं घ्या. हुलगे भाजायचे, दळायचे, पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं, उकळत्या गुळाच्या पाण्यात सोडायचं, सुंठ, जिरं, मीठ घालायचं आणि दाटसर होईपर्यंत ढवळत राहायचं. थंडीत सकाळी वाटीभर गरम माडगं पोटात गेलं की दुपारपर्यंत भूक धीर धरते. मसालेदार, दुधाशिवाय, ऊबदार. रीलला हवं ते सगळं यात आहे. आता यात चार ओळी वाढवा. हुलगा हे कोरडवाहू रानातलं पीक, बैलालाही तोच घालायचे. कालवा आला तिथे ऊस आला आणि हुलगा मागे सरला, म्हणून आज उसाच्या गावात गूळ दारात आणि हुलगे दुकानात अशी स्थिती असू शकते. ढवळायला पाच नाही, पंधरा मिनिटं लागतात. आणि त्या पंधरा मिनिटांत ढवळणारी व्यक्ती दुसरं काहीही करू शकत नाही.

या चार ओळींनी माडग्याची चव बिघडत नाही आणि रीलची लांबीही फार वाढत नाही. फक्त ‘दूध नाही’ या वाक्याला कर्ता मिळतो. कुणाला नाही, कुणी विकलं, कुणी नाकारलं, हे कळतं. तीस सेकंदांची पंचेचाळीस झाली तरी मी बघेन. तो हात कुणाचा आहे, एवढं तरी दाखवा.